अंजनेरीवर काल दिसलं ते गिधाडच होतं का? आणि तुम्ही शेवटचं गिधाड कधी पाहिलंत?

पायवाट
काल रविवारी अंजनेरीला गेलो होतो, मी, बायको आणि धाकटा. नाशिकहून निघायलाच उशीर झाला त्यामुळे पठारावर पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले. कड्यापासून जरा आत बसून थालीपिठं सोडली तेवढ्यात पोरगा म्हणाला बाबा खाली बघा, आणि कड्याच्या खालून, म्हणजे आमच्या पायांच्याही खालच्या उंचीवरून एक पक्षी वर येत होता. पंख हलवत नव्हता. एकदासुद्धा हलवले नाहीत. गोल घेत घेत आमच्या पातळीला आला, समोरून गेला आणि तेव्हा पंखातून वाऱ्याचा बारीक सूंऽऽ असा आवाज ऐकू आला, तो अजून कानात आहे. पाठ मातकट, पंखांची मागची बाजू काळपट, टोकाची पिसं हाताची बोटं पसरल्यासारखी सुटी सुटी. मोबाईल पिशवीतून काढेपर्यंत डोक्यावर गेला आणि तिथून ब्रह्मगिरीच्या बाजूला सरकत ठिपका झाला.

माझं गाव नेवासा तालुक्यात. लहानपणी गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती, तिथल्या बाभळींवर गिधाडं ओळीने बसलेली असायची. सकाळी बैल टाकला की संध्याकाळी शाळेतून येताना नुसता सांगाडा. आम्हाला त्यांची भीतीही वाटायची आणि बघायला जायची खोडही होती. मग कधी ती गेली ते कळलंच नाही. मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याने काल मला विचारलं की गिधाड असेल तर तुम्ही एवढे का खूश झालात. नीट उत्तर देता आलं नाही.

तर दोन प्रश्न. एक, वर्णनावरून हे गिधाड का गरुड? दोन, तुम्ही शेवटचं गिधाड किंवा असा मोठा शिकारी पक्षी कधी, कुठे पाहिलात?

भटक्या७६
फोटो नाही म्हणजे घार समजायची असा आमच्या ग्रुपचा नियम आहे :) गंमत करतोय, पण घार खरंच भल्याभल्यांना फसवते.

अनघा_दुर्बीण
घार नसावी. घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि उडताना ती सारखी वळवते, होडीच्या सुकाणूसारखी. पायवाट, हे आठवतंय का बघा: शेपटी आखूड होती का? पंख अगदी सपाट होते का किंचित वर उचललेले, पसरट व्ही सारखे? आणि डोकं शरीरापुढे आलेलं दिसत होतं का मान आत ओढलेली?

पायवाट
शेपटी आखूडच, जवळपास नाहीच म्हणा. डोकं धड दिसलं नाही. पंखांचं आता खात्रीने सांगता येणार नाही, मुलगा म्हणतो वर उचललेले होते.

सह्यकडा
मुलाचं ऐका. मी नाशिकचाच, अंजनेरी गेली पंधरा वर्षं धरून आहे. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं राहतात, घरटीही तिथेच कपारीत करतात. मातकट पाठ आणि काळपट उडणपिसं म्हणजे ९० टक्के तेच. गरुडाचं डोकं आणि मान पुढे आलेली असते, गिधाडाची मान उडताना मफलरमध्ये खुपसल्यासारखी आत. उशीर झाला म्हणता पण तो तुमच्या पथ्यावर पडला. सकाळी सातला गेला असतात तर काही दिसलं नसतं, कारण हा एवढा जड पक्षी पंख मारून वर चढायच्या भानगडीत पडत नाही, कातळ तापून गरम हवा वर यायला लागली की त्या हवेवर स्वार होतो. नऊ-साडेनऊ ते अकरा ही त्यांची निघायची वेळ.

पुढच्या वेळी कड्यावर पांढरे ओघळ शोधा. कातळावर चुन्याचा डबा कलंडल्यासारखे दिसतात. ती त्यांची विष्ठा, वर्षानुवर्षं तीच बसायची जागा असते. ओघळाच्या वरच्या टोकाला दुर्बीण लावली की बऱ्याचदा तिथे कोणीतरी बसलेलं असतं.

मलबारहिलची_माई
मी माहेरची गिरगावची. साठ-सत्तरच्या दशकात गच्चीवरून डुंगरवाडीच्या, म्हणजे पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी ठेवत त्या जागेच्या झाडांवर गिधाडं दिसायची, त्यात काही नवल वाटायचं नाही कुणाला. आता पारशी मंडळींना तिथे आरसे लावून सूर्याची उष्णता एकवटावी लागते, कारण पक्षीच राहिले नाहीत. एका समाजाचा शेवटचा संस्कार अडला तरी गिधाडं नाहीत हा बाकीच्यांच्या बोलण्याचाही विषय झाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गोठ्यातला_डॉक्टर
पायवाट, कधी गेली ते कळलं नाही म्हणालात म्हणून लिहितो. जरा मोठं होईल.

मी १९९६ पासून गुरांची प्रॅक्टिस करतो, सांगोल्याच्या बाजूला. त्या काळात डायक्लोफिनॅक हे दुखण्या-सुजेवरचं औषध आमच्या बॅगेत कायम. स्वस्त आणि गुणकारी. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी उभा, कासदाह झालेली गाय खायला लागली, शेतकरी खूश. अडचण अशी की त्यातलं एखादं जनावर तरीही दगावायचं, आणि दगावलं की माळावर जायचं. औषध मांसात. ते गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड बंद पडायचे, युरिक ॲसिड साचून आतडी-काळीज सगळ्यावर पांढरा खडूसारखा थर बसायचा, दोन-तीन दिवसांत पक्षी खलास. गिधाडं एकत्र जेवतात, एका बैलावर पन्नास-साठ. त्यामुळे शंभरातलं एखादं जनावर, किंबहुना त्याहून कमी जनावरं औषधवाली असली तरी अख्खी संख्या कोसळायला पुरतं.

राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात नव्वदच्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ विभु प्रकाश यांच्या लक्षात आलं की घरटी रिकामी पडतायत. कारण सापडलं ते २००४ मध्ये, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादं उरलं होतं, हे अलंकारिक बोलत नाही, ९९ टक्क्यांहून जास्त घट आहे.

१९९९ च्या उन्हाळ्यात एका वस्तीवर जाताना लिंबाखाली एक गिधाड बसलेलं पाहिलं. मान खाली लोंबलेली. मी मोटरसायकल थांबवून पाच-सहा पावलांवर गेलो तरी उडालं नाही, मान उचलायचा प्रयत्न केला आणि परत खाली पडली. डोळ्यावर पापणी अर्धी आलेली. मला वाटलं उन्हाने असेल, पाणी ठेवून पुढे गेलो. पुढे कोणत्या कामाला चाललो होतो, तर गाईला तेच इंजेक्शन द्यायला. आज पंचवीस वर्षं झाली, ती मान डोळ्यापुढून जात नाही.

आता मेलॉक्सिकॅम आहे, तेही तेवढाच गुण देतं आणि गिधाडांना धोका नाही. बंदीनंतर काही वर्षं माणसांसाठीच्या ३० मिलीच्या बाटल्या गोठ्यात यायच्या, २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलीची केली तेव्हा ते बरंच थांबलं. २०२३ ला ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही जनावरांना द्यायला बंद झालं. ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना एकच विनंती, डॉक्टरला विचारा कुठलं इंजेक्शन देताय. आणि औषध चालू असताना जनावर गेलंच तर उघड्यावर टाकू नका, पुरा.

अनघा_दुर्बीण
डॉक्टर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्हाला तेव्हा कळायला मार्गच नव्हता, जगात कुणालाच माहीत नव्हतं.

खुरपं
+१. आमच्याकडे चार म्हशी आहेत. आत्ताच उठून औषधांचा डबा तपासला. मेलॉक्सिकॅमच आहे.

वेळणेश्वरकर
गिधाड नाही पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. समुद्रगरुड! पांढऱ्या पोटाचा. आमच्या घरामागच्या डोंगरावर जुना आंबा आहे, त्यावर काटक्यांचं घरटं, दरवर्षी त्यातच भर घालतात, आता त्याचा आकार बैलगाडीच्या चाकाएवढा झालाय. पंख पसरले की दोन मीटर सहज. खालून बघितला तर पांढराशुभ्र आणि पंखांची मागची कड काळी, उन्हात एवढा लख्ख दिसतो की डोळे बारीक करावे लागतात.

एकदा रापणीच्या जाळ्यात आलेले समुद्री साप लोकांनी पुळणीवर टाकून दिले होते. भरती चढायच्या आत गरुड आला, न थांबता पायात साप उचलला आणि माडांवरून गेला, साप खाली पट्ट्यासारखा लोंबत होता. माझी आजी हात जोडून उभी राहिली, म्हणाली विष्णूचं वाहन आलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी पूर्वी किनाऱ्यावर फिरून या घरट्यांची मोजणी केली होती, तेव्हा ते आमच्याकडेही आले होते. आजीने त्यांना घरटं दाखवायच्या आधी चहा पाजून नीट चौकशी केली होती की कशाला बघायचंय.

भटक्या७६
वा! वेळणेश्वरकर, घरट्याचं गुगल लोकेशन टाका ना. आणि सह्यकडा, तुम्ही त्या पांढऱ्या ओघळांचं. पुढच्या महिन्यात मोठी लेन्स घेऊन येतोय.

वेळणेश्वरकर
नाही टाकणार, राग मानू नका. या, घरी उतरा, मी लांबून दाखवतो. पण लोकेशन इथे टाकलं की पुढच्या शनिवारी आंब्याखाली पाच गाड्या.

भटक्या७६
हे मला कधीच पटलेलं नाही. पक्षी काय तुमच्या खाजगी मालकीचे आहेत का? आपण सगळे म्हणतो लोकांनी निसर्ग बघावा आणि मग जागा सांगायची वेळ आली की तोंडाला कुलूप. मी घरट्याला हात लावणार नाही, फांदी तोडणार नाही.

सह्यकडा
तुम्ही नाही तोडणार, मानलं. पण दोन वर्षांपूर्वी अंजनेरीलाच एकाने ड्रोन उडवला, मी समोर होतो. कपारीत बसलेलं गिधाड उठलं आणि वीस मिनिटं परत टेकलं नाही. दिवाळीनंतरचे दिवस होते, म्हणजे आत अंडं असण्याची शक्यता. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं हो, एकच. ते उन्हात वीस मिनिटं उघडं पडलं की त्या जोडीचं वर्ष गेलं. ज्याने ड्रोन उडवला तो वाईट माणूस नव्हता, त्याला ठाऊकच नव्हतं.

चिरगावचा_पाहुणा
मी भटक्यांच्या बाजूने थोडं बोलू का. माझं सासर म्हसळ्याजवळ. चिरगावच्या जंगलात पांढऱ्या पाठीची गिधाडं आहेत आणि ती टिकली याचं मोठं कारण म्हणजे गावाला माहीत आहे की ती तिथे आहेत. प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सीस्केप संस्थेने तिथे बरीच वर्षं घालवली, गावकऱ्यांना सोबत घेतलं. कुणी उंच झाड तोडायला आला तर गावातलाच माणूस विचारतो. लपवून ठेवलं असतं तर झाडं कधीच लाकडाच्या वखारीत गेली असती. अंजनेरीवर गाडीरस्ता न्यायचं चाललं होतं तेव्हा नाशिककरांनी विरोध केला तो गिधाडं तिथे आहेत हे माहीत होतं म्हणूनच ना?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडची मोठमोठी झाडं आडवी झाली, त्यात घरट्यांचीही होती. सासरे त्या आठवड्यात स्वतःच्या उडालेल्या कौलांची मोजदाद सोडून आधी तिकडे बघून आले.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी मला एक घरटं दाखवलं होतं, शंभरेक मीटरवरून, स्टँडवरच्या दुर्बिणीतून. पिल्लू करड्या लोकरीच्या गोळ्यासारखं. आईबाप दोघंही पाळी लावून बसतात. एक मोठं आलं, गळ्याखालची पिशवी भरून फुगलेली. पिल्लाने चोच त्याच्या चोचीवर आपटायला सुरुवात केली, मग मोठ्याने मान खाली घालून दोन-तीन आचके दिले आणि अन्न बाहेर काढून पिल्लासमोर धरलं. इतकं सावकाश आणि जपून की मला माझ्या मुलीला वरणभात भरवायचे दिवस आठवले.

सह्यकडा
गावाला माहीत असणं आणि इंटरनेटला माहीत असणं यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं. गावातला माणूस रोज तिथे असतो, काही बिघडलं तर तो धावतो. आपण रविवारी जातो. गाव, डोंगर, वाटाड्याचा संपर्क जरूर सांगू, घरट्याचा पिन नको.

भटक्या७६
एक अंडं हे मला खरंच माहीत नव्हतं. मागणी मागे घेतो. वेळणेश्वरकर, घरी उतरायचं आमंत्रण कायम आहे ना?

वेळणेश्वरकर
कायम. सोलकढी ठेवतो.

सनीवेलची_सुमेधा
इथे कॅलिफोर्नियात आम्ही पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यानात काँडोर बघायला जातो, तेही गिधाडासारखंच, पंख नऊ-साडेनऊ फूट. प्रत्येकाच्या पंखावर नंबर असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो नंबर खुपला, रानातल्या पक्ष्याला बिल्ला कशाला. मग तिथल्या बाईंनी सांगितलं की १९८७ मध्ये शेवटचे जंगलातले पक्षी पकडले तेव्हा सगळे मिळून फक्त २७ होते. पिंजऱ्यात वाढवून १९९२ पासून परत सोडायला लागले, आता पाचशेच्या वर आहेत. त्यांचा मारेकरी शिसं, शिकाऱ्यांच्या गोळ्यांचे तुकडे मेलेल्या हरणात राहतात ते पोटात जातात. २०१९ पासून या राज्यात शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद आहेत. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचताना सारखं तेच मनात येत होतं. तिकडे इंजेक्शन, इकडे गोळी, दोन्हीकडे मेलेल्या जनावरातूनच विष गेलं.

चंद्रपुरी
आपल्याकडेही सोडायला लागलेत. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून जानेवारी २०२४ मध्ये ताडोबाला पांढऱ्या पाठीची दहा आणि पेंचला लांब चोचीची दहा गिधाडं आणली, मग अंगावर जीपीएस लावून सोडली. त्यातलं ताडोबाचं एन-११ फिरत फिरत तमिळनाडूत पोचलं, सुमारे ४,००० किलोमीटर. आम्ही इकडे बातम्यांत रोज बघायचो आज कुठे आहे. नोव्हेंबरात पुदुकोट्टईकडे विजेच्या तारेला लागून गेलं. माझी मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. पंख एवढे लांब असतात की एका वेळी दोन तारांना लागतात, लहान पक्ष्यांना तो धोका नसतो.

हिमालयवेडा
तुंगनाथच्या वाटेवर दाढीवालं गिधाड पाहिलं होतं, लॅमरगायर. शेपटी पतंगाच्या चौकटीसारखी, ती एकदा बघितली की चूक होत नाही. हाडं उंचावरून कातळावर टाकून फोडतो आणि तुकडे गिळतो. आम्ही आवाज आधी ऐकला, दगड घरंगळला असं वाटलं, मग वर बघितलं. छाती तांबूस होती, लोहयुक्त चिखलात लोळून ते स्वतःच रंगवतात म्हणे गाईड म्हणाला, नंतर वाचलं तर खरंच तसं आहे. ज्यांना एका जागी खूप सारे मोठे पक्षी बघायचेत त्यांनी हिवाळ्यात बिकानेरजवळ जोडबीडला जावं. मेलेली जनावरं टाकायची जागा आहे, वास सहन करावा लागतो, पण गिधाडं आणि गवताळ प्रदेशातले गरुड शेकड्याने जमिनीवर बसलेले दिसतात.

मलबारहिलची_माई
पायवाट, मुलाला सर्वतीर्थ टाकेदला घेऊन जा. इगतपुरी तालुक्यात, तुमच्या जवळच. जटायू तिथे पडला आणि रामाने त्याला पाणी पाजलं अशी श्रद्धा आहे, जटायूचं मंदिरही आहे. ज्याच्या नावाने आपण लोभी माणसाला शिव्या देतो त्याच पक्ष्याचे अंत्यसंस्कार रामाने स्वतःच्या हाताने केले. मला तरी गिधाड म्हणून कुणाला शिवी दिली की पटत नाही.

खुरपं
नाशिककरांना विचारायचं होतं, हरसूलकडे गिधाडांसाठी जेवण टाकतात ते कुठे?

सह्यकडा
खोरीपाडा. वनखातं आणि गावची समिती मिळून चालवतात. जनावर तपासूनच टाकतात. मी स्वतः त्याबाबत जरा साशंक होतो, पक्ष्यांना आयतं खायची सवय लागेल असं वाटायचं. पण माळावर आता जनावर टाकलं जात नाही, टाकलं तर कुत्री आधी पोचतात, मग उपाशी राहण्यापेक्षा औषध नसलेलं अन्न मिळालेलं बरं, या मतावर आलोय. जायचं तर आधी गावात विचारून, आणि लांब बसून.

पायवाट
तीन आठवड्यांनी लिहितोय. काल परत गेलो, यावेळी मुद्दाम दहाला पोचलो. पोराने पांढरे ओघळ माझ्या आधी शोधले. दुर्बीण शेजाऱ्यांची आणली होती, तिच्यातून बघितलं तर ओघळाच्या वर कपारीत एक बसलेलं होतं. मान उघडी, काळपट, गळ्याभोवती फिकट पिसांची कॉलर, चोच लांब. वाऱ्याने कॉलरची पिसं उलटी होत होती आणि ते पाठ न वळवता तसंच बसून होतं. सव्वादहाच्या सुमाराला पंख अर्धे उघडले, परत मिटले. मग दोन पावलं पुढे आलं आणि कड्यावरून नुसतं पुढे झुकलं. उडी नाही, फडफड नाही. खाली गेलं, आम्ही श्वास धरला, आणि डावीकडून वर आलं. पाठोपाठ अजून दोन. पंख वर उचललेले होते, पोराचं बरोबर होतं.

खाली उतरताना त्याने परत विचारलं, तुम्ही एवढे का खूश होता. यावेळी मी त्याला डॉक्टरांनी पाहिलेल्या लिंबाखालच्या गिधाडाची गोष्ट सांगितली. पायथ्याच्या टपरीवर चहा येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, आजोबांच्या गाईला कुठलं इंजेक्शन देतात ते विचारायला पाहिजे.

संध्याकाळी गावाकडे फोन लावला. त्यानेच विचारलं.

गोठ्यातला_डॉक्टर
काय म्हणाले आजोबा?

पायवाट
बाटली शोधून नाव वाचून दाखवलं. मेलॉक्सिकॅम.